बारा गुणांची आघाडी

२६ मार्च २०२० रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एफएने, एक निर्णय जाहीर केला आणि देशातल्या शेकडो लहान क्लबांचा सात महिन्यांचा खेळ नोंदवहीतून काढून टाकला. देशाच्या फुटबॉल-उतरंडीत सातव्या ते दहाव्या पायरीवरच्या पुरुषांच्या सर्व लीग तिथेच संपल्या. झालेल्या सामन्यांचे निकाल रद्दबातल ठरले, कोणी वर जाणार नव्हते आणि कोणी खाली येणार नव्हते. साथ नुकतीच पसरू लागली होती, रुग्णालये भरत होती, आणि अशा वेळी फुटबॉलसाठी हळहळणे कोणालाही शोभले नसते. तरीही ईशान्य इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्स या गावात त्या दिवशी लोक हळहळले, आणि ते का हळहळले हे सांगितल्याशिवाय मला या खेळाविषयी काही लिहिता येणार नाही. नॉर्दर्न प्रीमियर लीगच्या प्रीमियर डिव्हिजनमध्ये त्यांचा संघ बारा गुणांनी आघाडीवर होता.

ही पायरी नेमकी कोणती, हे आधी सांगायला हवे, कारण आपल्याकडे इंग्लिश फुटबॉल म्हणजे रात्री उशिरा दूरचित्रवाणीवर दिसणारी प्रीमियर लीग एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. प्रीमियर लीगच्या खाली फुटबॉल लीगच्या तीन श्रेण्या आहेत. त्यांच्या खाली नॅशनल लीगच्या दोन पायऱ्या येतात, त्यातली खालची उत्तर आणि दक्षिण अशी विभागलेली असते, आणि त्यानंतर सातव्या पायरीवर देश आणखी लहान प्रादेशिक तुकड्यांत विभागला जातो. उत्तरेची तुकडी म्हणजे १९६८ मध्ये सुरू झालेली नॉर्दर्न प्रीमियर लीग. तिच्या वरच्या गटात बावीस क्लब असतात आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा आपल्या व एकदा त्याच्या मैदानावर खेळायचे म्हटले की बेचाळीस सामने होतात. पहिला येणारा संघ थेट वर जातो आणि त्याच्या मागच्या चौघांना बाद फेरीतून आणखी एक संधी मिळते. इथल्या खेळाडूंना पैसे मिळतात, पण बहुतेकांचे घर त्या पैशांवर चालत नाही. पूर्ण व्यावसायिक नाही आणि पूर्ण हौशीही नाही, अशी ही मधली दुनिया आहे.

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे न्यूकॅसलला राहत असताना मी या दुनियेकडे वळलो. न्यूकॅसल युनायटेडच्या सामन्याचे तिकीट मिळणे कठीण आणि परवडणे त्याहून कठीण, हे त्याचे व्यावहारिक कारण. खरे कारण बहुधा असे की माझे बालपण कोल्हापुरात गेले. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पेठाच्या पेठा ओस पडतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला गावाच्या मालकीचा संघ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पन्नास हजारांच्या स्टेडियममध्ये मला नेहमी पाहुण्यासारखे वाटत आले. मेट्रोच्या बीड स्थानकावर उतरून, कारखान्यांच्या वसाहतीतून चालत, साउथ शील्ड्सच्या मरिनर्स पार्क या मैदानाच्या फाटकाशी पोहोचल्यावर तसे वाटत नसे. हे स्थानक शेजारच्या जॅरोमध्ये येते. आठव्या शतकात तिथल्या मठात बसून इंग्लंडचा धर्मेतिहास लिहिणाऱ्या संत बीड यांचे नाव त्याला दिलेले आहे. आज आजूबाजूला गोदामे आणि पत्र्याच्या शेड आहेत.

टाइन नदी समुद्राला मिळते तिथे दक्षिण काठावर साउथ शील्ड्स वसले आहे. जहाजबांधणीचे आणि कोळशाचे हे जुने गाव फुटबॉलच्या बाबतीत काहीसे अभागी म्हणावे लागेल. इथला पहिला क्लब १९१९ मध्ये फुटबॉल लीगच्या दुसऱ्या श्रेणीत दाखल झाला आणि १९३० मध्ये पैशांच्या अडचणीमुळे उचलून जवळच्याच गेट्सहेडला नेण्यात आला. १९३६ मध्ये गावाने दुसरा क्लब उभा केला, आणि १९७४ मध्ये तोही गेट्सहेडलाच गेला. एकाच शेजाऱ्याने दोनदा घर धुऊन न्यावे, असा प्रकार क्रीडा-इतिहासात मला दुसरीकडे कुठे आढळलेला नाही. आजचा क्लब हा १९७४ मध्ये नव्याने स्थापन झालेला तिसरा. त्यालाही २०१३ मध्ये मैदानाचा भाडेपट्टा संपल्यामुळे घर सोडावे लागले, आणि दोन हंगाम तो सुमारे ३० किलोमीटरवरच्या पीटर्लीत, परक्या मैदानावर, जेमतेम मूठभर प्रेक्षकांसमोर खेळला. त्या काळात क्लब बंद पडला असता तर गावाबाहेर त्याची बातमीही झाली नसती.

२०१५ मध्ये जेफ थॉम्पसन या स्थानिक उद्योजकांनी ते मैदान विकत घेतले आणि संघाला परत गावात आणले. पुढे जे घडले त्यावर चटकन विश्वास बसत नाही. पहिल्याच हंगामात संघाने नॉर्दर्न लीगची दुसरी श्रेणी जिंकली. १८८९ मध्ये स्थापन झालेली ही लीग जगातल्या सर्वांत जुन्या फुटबॉल लीगपैकी एक आहे. २०१६-१७ मध्ये संघाने तिची पहिली श्रेणी, लीग कप आणि डरहॅम चॅलेंज कप जिंकला, आणि २१ मे २०१७ रोजी वेम्बली स्टेडियमवर क्लीथॉर्प्स टाउनचा ४-० असा पराभव करून एफए व्हाझही घरी आणला. हा चषक खालच्या पायऱ्यांवरच्या क्लबांसाठी असतो. त्या हंगामात संघाने ओळीने ३२ सामने जिंकले होते. कर्णधार होता हुलिओ आर्का. अर्जेंटिनाचा हा खेळाडू प्रीमियर लीगमध्ये सन्डरलंड आणि मिडल्सबरोकडून खेळून निवृत्त झाला होता, नंतर मित्रांबरोबर रविवारच्या हौशी लीगमध्ये खेळत होता आणि तिथून या क्लबात आला. २०१८ मध्ये आणखी एक श्रेणी जिंकून संघ सातव्या पायरीवर पोहोचला. २०१८-१९ मध्ये तो तिथे दुसरा आला, आणि २०१९-२० हा पुढचा हंगाम आपलाच, अशी गावाची खात्री होती. मार्चपर्यंत गुणतक्ताही तेच सांगत होता.

त्या हंगामातल्या बावीस क्लबांची यादी मला अजूनही एखाद्या भूगोलाच्या धड्यासारखी वाचावीशी वाटते. समुद्राकाठी व्हिटबी आणि स्कारबरो. डोंगरात बक्स्टन, जिथले मैदान इंग्लंडमधल्या सर्वाधिक उंचीवरच्या मैदानांपैकी एक मानले जाते. मॅटलॉकला एका बाजूला क्रिकेटचे मैदान आणि वर टेकडीवर रायबर किल्ला. मँचेस्टरच्या परिघावर हाइड, अ‍ॅश्टन, स्टेलीब्रिज, रॅडक्लिफ. अ‍ॅथर्टन कॉलिअरीज हा क्लब १९१६ मध्ये आसपासच्या सहा खाणींतल्या कामगारांनी मिळून काढला. खाणी कधीच्या बंद झाल्या, पण नावातली खाण तशीच राहिली. हाइडचे नाव सगळ्या देशाला वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे: १८८७ मध्ये एफए कपमध्ये प्रेस्टनने तिथल्या तेव्हाच्या क्लबावर २६ गोल केले, आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही.

या यादीतल्या दोन क्लबांवर थोडे थांबायला हवे. अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड कर्ज काढून विकत घेतल्याच्या निषेधात काही समर्थकांनी २००५ मध्ये एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. तो सभासदांच्या मालकीचा आहे, प्रत्येक सभासदाला एक मत आहे, आणि २०१५ पासून मॉस्टनमध्ये त्याचे स्वतःचे मैदान आहे. त्याआधी अनेक वर्षे हे लोक बरी एफसीच्या गिग लेन मैदानावर भाडेकरू म्हणून खेळत. २०१९-२० चा हंगाम सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, ऑगस्टअखेर, त्याच बरी एफसीला आर्थिक दिवाळखोरीमुळे फुटबॉल लीगमधून काढून टाकण्यात आले. जुना घरमालक बेघर झाला आणि भाडेकरू स्वतःच्या घरात नांदत होता. दुसरा क्लब स्कारबरो अ‍ॅथलेटिक. मूळ स्कारबरो क्लब २००७ मध्ये कर्जाखाली बुडाला, समर्थकांनी त्याच वर्षी नवा क्लब काढला, आणि गावात मैदान नसल्यामुळे तो दहा वर्षे ब्रिडलिंग्टनला खेळून २०१७ मध्ये घरी परतला. साउथ शील्ड्स आणि स्कारबरो यांचा सामना असला की दोन्ही बाजूंना असे लोक उभे असत ज्यांना मैदान नसणे म्हणजे काय हे पुस्तकात वाचावे लागले नव्हते.

या पायरीवरचा आठवडा ठरलेला असतो. शनिवारी दुपारी तीन वाजता सामना, मधल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात दुसरा, आणि उरलेल्या एक-दोन संध्याकाळी सराव. खेळाडू दिवसा शाळेत शिकवतात, विजेची कामे करतात, गोदामात पाळी करतात, लहान मुलांना फुटबॉल शिकवतात. मंगळवारचा सामना स्टॅफर्डला असेल तर साउथ शील्ड्सहून तीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो, म्हणून दुपारीच रजा टाकून बस पकडायची आणि मध्यरात्र उलटल्यावर घरी यायचे. सकाळी आठला कामावर हजर व्हायचे ते वेगळेच. पगार आठवड्याच्या हिशेबाने मिळतो आणि बहुतेक ठिकाणी तो हंगाम संपला की थांबतो.

खेळाडूंना निदान काही मिळते. बाकीचे सगळे फुकट राबतात. फाटकावर तिकिटे फाडणारे, रेषा आखणारे, कपडे धुणारे, सोडतीची तिकिटे विकणारे, सामन्याची पुस्तिका जुळवणारे आणि चहाच्या टपरीत मांसाचे सारण भरून भाजलेले ‘पाय’ नावाचे पदार्थ गरम करणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, आणि त्यातले कित्येक माझ्या वडिलांच्या वयाचे होते. क्लबाचे उत्पन्न म्हणजे तिकीटबारी, क्लबहाउसमधला बार, मैदानाभोवतीच्या जाहिरातींचे फलक आणि एखादा उदार मालक. दूरचित्रवाणीचा पैसा या पायरीपर्यंत झिरपत नाही. साउथ शील्ड्सला दीड हजारांच्या आसपास प्रेक्षक येत आणि या लीगमध्ये ते वैभव समजले जाई. कित्येक ठिकाणी काही शे माणसे जमली तरी सचिव खुश असत. म्हणूनच इथे पाऊस हा सर्वांत मोठा शत्रू. सामना पुढे ढकलला की शनिवारची गर्दी मंगळवारच्या थंडीत निम्मी होते, टपरीतले केलेले पदार्थ वाया जातात आणि पगार मात्र द्यावाच लागतो. २०२० चा फेब्रुवारी हा ब्रिटनमधल्या नोंदींनुसार सर्वांत ओला फेब्रुवारी ठरला. सियारा आणि डेनिस ही दोन वादळे पाठोपाठच्या शनिवार-रविवारी आली, मैदानांची तळी झाली, आणि काही संघांचे इतके सामने राहिले की एप्रिलअखेरपर्यंत हंगाम संपवायचा कसा ही चर्चा साथीआधीच सुरू झाली होती.

खेळासाठी पैसे घ्यावेत की नाही हा वाद इंग्लंडमध्ये जुना आहे आणि त्यात उत्तर-दक्षिण अशी फट होती. लँकेशायरच्या गिरण्यांतला कामगार शनिवारी खेळायला गेला तर त्याची मजुरी बुडे, म्हणून तिथल्या क्लबांनी आधी चोरून आणि मग उघडपणे पैसे दिले; त्यांच्या दबावामुळे एफएला १८८५ मध्ये व्यावसायिकता मान्य करावी लागली. लंडनच्या बाजूला १९०५ मध्ये निघालेल्या इस्थमियन लीगने मात्र ‘सन्मान पुरेसा आहे’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद घेतले आणि विजेत्यांना चषक किंवा पदकही दिले नाही. हौशी आणि व्यावसायिक हा अधिकृत भेद एफएने १९७४ मध्ये मोडीत काढला. माझी सहानुभूती गिरणी कामगाराकडे आहे. ज्याला शनिवारची मजुरी बुडण्याची चिंता नाही त्यालाच सन्मान पुरतो.

आता मार्चकडे येतो. १३ मार्च २०२० रोजी प्रीमियर लीग आणि फुटबॉल लीग थांबल्या. खालच्या काही लीगमध्ये १४ तारखेच्या शनिवारीही सामने झाले, आणि मग सगळेच थांबले. थांबण्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. लहान क्लबांना प्रेक्षकांविना खेळणे परवडले नसते, करार संपत होते, उन्हाळ्यात खेळायला पुन्हा परवानगी कधी मिळेल हे कोणी सांगू शकत नव्हते, आणि लवकर निर्णय झाल्यामुळे अनेक क्लबांना पगार थांबवून जीव वाचवता आला. तळाशी असलेल्या क्लबांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल तर त्यातही गैर काही नव्हते. प्रश्न झालेले निकाल पुसून टाकण्याचा होता. हंगाम तिथेच थांबवून झालेल्या सामन्यांच्या आधारे काहीतरी ठरवणे शक्य होते, आणि ते शक्य होते हे अवघ्या तीन महिन्यांत वरच्या पायऱ्यांवर सिद्ध झाले.

प्रीमियर लीग जूनमध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली आणि लिव्हरपूलला त्याचे विजेतेपद मिळाले, कारण न खेळलेल्या सामन्यांचे पैसे वाहिन्यांना परत करण्याची धास्ती प्रत्येक क्लबाला होती. नॅशनल लीगने उरलेले सामने रद्द करून प्रत्येक संघाचे गुण त्याच्या सामन्यांच्या संख्येने भागले. त्या भागाकाराने बॅरो हा क्लब ४८ वर्षांनी फुटबॉल लीगमध्ये परतला. साउथ शील्ड्सच्या एकच पायरी वर असलेल्या नॅशनल लीग नॉर्थमध्ये यॉर्क सिटी दोन गुणांनी पुढे होती, पण किंग्ज लिनचे सामने कमी झाले होते, त्यामुळे सरासरीत किंग्ज लिन सरस ठरले आणि वर गेले. यॉर्कच्या लोकांना हा न्याय कडू लागला असणार. तरी तो न्याय होता, त्यात हिशेब होता आणि हिशेबाशी भांडता येत होते. एक पायरी खाली बारा गुणांच्या आघाडीवर असलेल्या संघाला भांडायला हिशेबच शिल्लक ठेवला नव्हता.

सर्वांत विचित्र अवस्था झाली जर्सी बुल्सची. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरच्या या क्लबाचा तो पहिलाच हंगाम होता. दहाव्या पायरीवरच्या आपल्या लीगमधले २७ पैकी २७ सामने त्यांनी जिंकले होते आणि त्यांची बढती गणिताने निश्चितही झाली होती. तेही निकाल पुसले गेले. उलट त्याच हंगामातल्या बाद पद्धतीच्या स्पर्धांना मात्र धक्का लागला नाही: २०२० चा एफए व्हाझचा अंतिम सामना थेट ३ मे २०२१ रोजी वेम्बलीवर, प्रेक्षकांविना खेळवला गेला, आणि त्यात साउथ शील्ड्सच्या शेजारच्या हेबर्न टाउनने कॉन्सेटला ३-२ असे हरवले. म्हणजे टाइनच्या एकाच काठावर, एकाच हंगामातला एक विजय अधिकृत ठरला आणि काही मैलांवरचे इतर विजय झालेच नव्हते असे ठरले.

साठहून अधिक क्लबांनी एफएला खुले पत्र लिहून फेरविचाराची मागणी केली. साउथ शील्ड्सने लवादाकडे दाद मागितली आणि जूनमध्ये लवादाने एफएच्या बाजूने कौल दिला. या वादात १९३९ चा दाखला वारंवार दिला जाई, आणि तो मला दर वेळी अस्थानी वाटे. महायुद्ध सुरू झाले म्हणून १९३९-४० चा हंगाम रद्द झाला तेव्हा फुटबॉल लीगमधले संघ जेमतेम तीन-तीन सामने खेळले होते. तिन्ही जिंकून ब्लॅकपूल अव्वल होते, पण तीन सामन्यांची आघाडी गमावणे आणि ऑगस्टपासून मार्चपर्यंत पावसात, चिखलात, कामावरून रजा काढून उभारलेली आघाडी गमावणे यांची तुलना होत नाही.

२०२०-२१ चा हंगामही अर्ध्यावर बंद पडला. मग २०२१ च्या उन्हाळ्यात एफएने खालच्या पायऱ्यांची बऱ्याच काळापासून ठरलेली पुनर्रचना हाती घेतली. रिकाम्या जागांवर कोणाला वर घ्यायचे हे ठरवताना दोन्ही अपुऱ्या हंगामांतले निकाल मोजले गेले, सव्वा वर्षापूर्वी रद्द केलेला हंगामसुद्धा. जर्सी बुल्सना त्यामुळे अखेर एक पायरी वर चढता आले. त्याचा मला आनंद आहे, पण त्या दिवशी माझी चीड वाढलीच. जे निकाल मोजण्यासारखे होते ते पुसायचे कशाला होते? आणि ही सवलत आठव्या पायरीपासून खालीच असल्यामुळे सातव्या पायरीवरच्या साउथ शील्ड्सच्या हाती याही वेळी काही लागले नाही.

त्याच वर्षी क्लबाने पूर्णवेळ व्यावसायिक होण्याचे ठरवले. त्याचा सरळ अर्थ असा की दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या खेळाडूला नोकरी आणि क्लब यांतून एक निवडणे भाग होते. २०२२ मध्ये बक्स्टन विजेते ठरले आणि स्कारबरो बाद फेरीतून वर गेले. घरी परतल्यानंतर पाच वर्षांत मिळालेली ती बढती वाचून मला साउथ शील्ड्सच्या बढतीइतकाच आनंद झाला. २०२३ मध्ये, सन्डरलंड आणि इंग्लंडकडून खेळलेल्या केव्हिन फिलिप्स यांच्या मार्गदर्शनाखाली, साउथ शील्ड्सने ही लीग जिंकली आणि ते नॅशनल लीग नॉर्थमध्ये गेले. ज्या ग्रॅहम फेंटन आणि ली पिक्टन या जोडीने २०१९-२० चा संघ उभा केला होता ती तेव्हा प्रशिक्षकपदावर नव्हती, आणि संघातले बरेच खेळाडूही बदलले होते. काही जण खालच्या पायऱ्यांवर, आपल्या नोकरीच्या वेळा सांभाळत, दुसऱ्या कुठल्या तरी क्लबात मंगळवारी आणि शनिवारी खेळत होते.